डावी किनार

कोराडीला वीज तयार होते म्हणतात. होत असेल. आपल्या सक्करदऱ्यात मात्र रोज रात्री नऊला अंधार होतो, आणि अंधार झाला की तुम्ही पोरं गच्चीवर सतरंजी टाकून भुताच्या गोष्टी सांगता. मघापासून ऐकतोय. उलट्या पायाची बाई, पिंपळावरचा मुंजा, रस्त्यात तंबाखू मागणारा म्हातारा. अरे, माझ्या लहानपणी माझा मामा हेच सांगायचा, आणि त्यालाही ते नीट सांगता येत नव्हतं. तुमची भुतंसुद्धा तुमच्यासारखीच. कामधंदा नाही, झाडावर बसून राहायचं.

मी सांगतो ती कामसू बाईची गोष्ट आहे. रवींद्र, ती बिडी विझव. आणि मध्ये बोलायचं नाही.

ही घडली रुपरावसोबत. मी तेव्हा एका दवाखान्यात स्टोअरकीपर होतो. कोणत्या, ते विचारू नका, इमारत अजून उभी आहे. रुपराव तिथल्या व्यायामाच्या खोलीत होता. डोक्याला मार लागून हातपाय विसरलेल्या लोकांकडून ते हलवून घ्यायचे, हे त्याचं काम. कामात हुशार होता, हे मी नाकारत नाही. पण माणूस म्हणून त्याच्याइतका हलका माणूस मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. पेशंटला तो नावानं हाक मारत नसे. 'ए अर्ध्या, इकडे ये,' असं म्हणायचा. आणि आम्ही बाकीचे हसायचो. मीही हसलो आहे. त्याची आज लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही.

तर साल पंचाहत्तर. नोव्हेंबरची वीस तारीख, गुरुवार. डॉक्टरांनी रुपरावला एका साध्या कामासाठी खाप्याला पाठवलं. कॅमेरा घेऊन जायचं, एका विणकराच्या घरातल्या हातमागाचे फोटो काढायचे, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं.

विणकराचं नाव शालिकराम. नवरात्रात तो बायकोला, मैनाबाईला, सायकलच्या कॅरिअरवर बसवून कोराडीच्या देवीला निघाला होता. वाटेत एका ट्रकनं उडवलं. कोणाचा ट्रक, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मैनाबाई जागेवर गेली. शालिकरामच्या डोक्याला उजव्या बाजूनं मार बसला. तो वाचला, पण त्याची डावी बाजू नाहीशी झाली.

नाहीशी म्हणजे कशी, ते नीट समजून घ्या. डोळे चांगले होते. हातही अगदी मेला नव्हता. पण डावीकडे जग आहे, हेच त्याला माहीत नव्हतं. ताटातला उजवीकडचा भात खायचा आणि डावीकडचा तसाच ठेवून म्हणायचा, 'आज कमी वाढलं.' ताट फिरवून दिलं की उरलेला खायचा. अर्धी दाढी करायचा. त्याचा डावा हात चाकाच्या खुर्चीतून लोंबायचा आणि चाकात सापडायचा, म्हणून नर्स तो मनगटाला बँडेजची पट्टी लावून खुर्चीच्या दांडीला बांधून ठेवायची. रुपराव मुद्दाम त्याच्या ताटात डावीकडे लाडू ठेवायचा. 'शालिकराम, लाडू कसा आहे?' तो म्हणायचा, 'कोन्ता लाडू गा?' मग हशा.

आमचे डॉक्टर बाहेरदेशी शिकून आलेले. त्यांनी एक लाकडी पेटी बनवून घेतली होती. पुढे दोन भिंगं, आत एक पुठ्ठा, पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी दोन फोटो. एक फोटो काढायचा, कॅमेरा अडीच इंच सरकवायचा, दुसरा काढायचा. मग भिंगाला डोळे लावले की चित्र सपाट राहत नाही. तुम्ही त्या जागेत उभे असता. हात पुढे केला तर खांबाला लागेल असं वाटतं. डॉक्टर म्हणायचे, 'माणसाला त्याच्या ओळखीच्या जागी नेऊन बसवा. डोळे फसले की मान वळते, मान वळली की हात वळतो.' शालिकरामला आधी बागेचा फोटो दाखवला. तो म्हणाला, छान आहे, आणि झोपून गेला. तेव्हा ठरलं, त्याला त्याच्याच मागावर बसवायचं.

रुपराव शुक्रवारी फोटो धुऊन घेऊन माझ्या स्टोअरमध्ये आला. माझ्या टेबलावर, माझ्याच डिंकानं पुठ्ठ्यावर चिकटवत बसला. पुठ्ठा उडू नये म्हणून त्यावर एक धोटा ठेवलेला. धोटा म्हणजे विणकराचं ते होडीसारखं लाकूड, ज्याच्या पोटात धाग्याची कांडी असते. कांडीवर लाल रेशीम होतं, कांडी अर्धीअधिक भरलेली.

तेवढ्यात अनुसया आली. शालिकरामची मुलगी, वीसेक वर्षांची. बापाजवळ तीच राहायची. तिनं धोटा पाहिला आणि दारातच थांबली.

"भाऊ, हा कुठून आनला?"

"तुमच्या घरून. पेशंटच्या हातात काही पाहिजे का नाही?"

"चाबी देतांना मी सांगतलं होतं, डावीकडच्या जागेवर बसू नका, तिथलं काही उचलू नका."

"बसलो," रुपराव म्हणाला. "तिथूनच फोटो चांगला येत होता. धोटा म्हणजे धोटा. त्यात डावा-उजवा काय असते वं?"

असते. हे त्या शहाण्याला माहीत नव्हतं. शालिकरामच्या घरी जुन्या पद्धतीच्या किनारीची साडी विणत. तिला तीन धोटे लागतात. मधला पोत आणि उजवी किनार विणकर स्वतः सांभाळतो. डाव्या किनारीसाठी त्याच्या डावीकडे दुसरं माणूस बसतं. यानं धोटा फेकायचा, तिकडच्यानं धागा अडकवून परतवायचा. बावीस वर्षं त्या जागेवर मैनाबाई होती. आणि त्या घराचा एक नेम होता. दोन माणसांनी सुरू केलेली साडी त्याच दोघांनी मागावरून उतरवायची. एक गेलं तर त्याचा धोटा त्याच जागी ठेवायचा, आणि घरातलंच कोणी तो धोटा हातात घेऊन राहिलेलं काम पुरं करायचं. तोवर तिथं परका बसत नाही.

अनुसया रडली नाही. तिनं रुपरावला समजावून सांगितलं. अशा माणसाला कोणी समजावून सांगतं का? पण तिनं सांगितलं.

"बाबाले अजून माहीत नाही, माय गेली म्हणून. थो डावीकडे पाहत नाही, म्हणून त्याले वाटते माय तिथंच बसली हाय. दिवसभर तिच्यासंग बोलते. त्याच्यावरच जगून राहिला थो. साडी वीतभर राहिली हाय, भाऊ. बाबा जरा सुधरू द्या. मी मायच्या जागी बसीन, साडी उतरवू, मंग मीच सांगीन त्याले. त्याच्या आधी त्याची मान डावीकडे वळवू नका. थे जागा रिकामी दिसन त्याले, अन् थो तिथंच जीव सोडन."

रुपरावनं डिंकाचं बोट पुसलं. म्हणाला, "म्हणजे तुह्या बापाले अर्धाच ठेवू? सोमवारी मुंबईचे मोठे डॉक्टर येऊन राहिले पेटी पाहाले. त्यांच्यापुढे त्याची मान वळली पाहिजे. तुमच्या कोष्ट्यांच्या रीतीभाती खाप्याले ठेवा."

ती माझ्याकडे पाहत होती. मी स्टोअरकीपर. मी गोळ्यांच्या बरण्या पुसत राहिलो. ही माझी बहादुरी, ऐकून ठेवा.

आता ती रात्र. शनिवार, बावीस नोव्हेंबर. कार्तिकी पौर्णिमेला चार दिवस झाले होते, चंद्र उशिरा उगवत होता. साडेनऊला रुपरावनं माझ्याकडून मागच्या खोलीची किल्ली नेली. पेटीला अंधार लागायचा, आत फक्त एक बारीक बल्ब. दिवसा त्या खोलीत खिडक्यांतून उजेड यायचा, म्हणून हे काम तो रात्रीच करायचा. मी घरी गेलो. पुढचं मला त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. एकदाच. पुन्हा कधी त्या विषयावर बोलला नाही.

त्यानं शालिकरामची खुर्ची ढकलत आणली. अनुसया ओसरीत झोपली होती, तिला उठवलं नाही. खोलीचं दार आतून लावलं. शालिकरामला टेबलापुढे बसवलं, डोळे भिंगांना लावले. डावा हात दांडीला बांधलेलाच होता. उजव्या हातात धोटा दिला. बल्ब लावला.

शालिकरामनं बोटांनी धोटा चाचपला. मग म्हणाला, "घरी आलो का गा?"

"हाव," रुपराव म्हणाला. "आता डावीकडे पाह्य."

मान वळली नाही. पण पाय हलू लागले. मागाखालच्या खड्ड्यातल्या पावड्या पायानं दाबाव्या तसे, हवेत. उजवा. डावा. उजवा. डावा पायही. रुपराव खूश झाला. त्यानं घड्याळ पाहिलं, दहा चाळीस.

"धोटा फेक," तो म्हणाला. "डावीकडे फेक. कुठं जाते ते पाह्य."

"फेकतो नं. थे झेलते."

"कोण झेलते?"

"मैना."

रुपराव हसला. मला सांगताना त्यानं हेही सांगितलं, की तो हसला होता. शालिकरामनं हात झटकला. धोटा अंधारात डावीकडे गेला.

पडल्याचा आवाज आला नाही.

खाली फरशी होती. शिसवीचं लाकूड. टोकांना लोखंड. आवाज यायलाच पाहिजे होता...

मग शालिकरामच्या उजव्या हातात धोटा होता.

त्यानं पुन्हा फेकला. पाय चालूच. पुन्हा आवाज नाही. पुन्हा धोटा हातात.

तुम्हाला वाटेल रुपराव घाबरला. छे. त्याला वाटलं, डावा हात जिवंत झाला. पट्टी सुटली असणार, आणि हा डाव्या हातानं झेलून परत देतोय. सोमवारच्या पाहुण्यांपुढे काय रुबाब पडेल, हे त्याच्या डोक्यात. त्यानं खिशातून टॉर्च काढला आणि डाव्या हातावर उजेड टाकला.

हात बांधलेला होता.

गाठ तशीच. बोटं मिटलेली.

धोटा गेला... आला. गेला... आला.

"कोण आहे?" रुपराव म्हणाला.

"हळू बोला भाऊ," शालिकराम म्हणाला. डोळे भिंगांनाच. "तिचा ताल चुकते."

रुपरावनं टॉर्च डावीकडे फिरवायचा होता. एवढंच करायचं होतं. मनगट वळेना. त्यानं मला हे सांगताना स्वतःचं मनगट धरून ठेवलं होतं. मग त्यानं दुसरं केलं. शालिकरामचं डोकं बाजूला सारून स्वतः पेटीत पाहिलं. म्हटलं, फोटो मीच काढलाय. त्यात काय आहे, मला माहीत आहे.

माग होता. खांब. ताणा. डावीकडची जागा. रिकामी. त्यानं काढली होती तशीच रिकामी.

त्याला बरं वाटलं. त्यानं श्वास सोडला.

शालिकराम त्याच्या कानाशी म्हणाला, "तिथं काहून पाहता? तुमी तिच्या जागेवर बसले होते नं... म्हणून थे तुमच्या डावीकडे उभी हाय."

...

रुपराव सकाळपर्यंत तिथंच होता. समोर पाहत. डावीकडे काही चालू होतं, तो म्हणाला. श्वास नव्हता. पाऊल नव्हतं. फक्त धागा सुटल्याचा आवाज. रेशमाचा. बारीक... मग केव्हातरी तोही थांबला. आणि अगदी जवळ, पट्टी फाटावी तसं काहीतरी, एकदाच.

रविवारी सकाळी सातला मी दार ठोठावलं, तेव्हा कुठं आतून कडी निघाली. आत रुपराव डावा खांदा भिंतीला घट्ट चिकटवून उभा होता. टेबलावर धोटा, आणि धोट्यात कांडी रिकामी. मी टेबलाखाली पाहिलं, कोपरे पाहिले, पेटी उचलून पाहिली. कुठं बोटभर लाल धागा नाही. खुर्चीत शालिकराम गाढ झोपला होता. माझ्यामागून आलेल्या नर्सनं त्याच्या मनगटाची पट्टी सोडली आणि कुरकुरली, की नवी पट्टी काठाला उसवली कोणी. काठाचा एक धागा हातभर निघालेला होता, एवढंच. मी तिकडे लक्ष दिलं नाही. तुम्हीही दिलं नसतं.

त्याला वॉर्डात पलंगावर नेऊन निजवलं, आठला तो उठला. चहाबरोबर पोळी दिली. त्यानं ती सगळी खाल्ली, डावीकडची आधी. मग मान वळवली. सावकाश, पूर्ण डावीकडे. पलंगाच्या त्या बाजूला रिकामं स्टूल होतं. अनुसयानं तोंडावर हात ठेवला. मीही श्वास धरून उभा होतो, कारण शुक्रवारी मी तोंड बंद ठेवलं होतं आणि आता त्याचं फळ बघायची वेळ आली होती.

तो त्या स्टुलाकडे बराच वेळ पाहत राहिला.

"तुही माय गेली नं?" तो म्हणाला.

अनुसया त्याच्याजवळ पलंगाशी बसली.

"मले माहीत हाय वं. थे सांगून गेली. काम उरकूनच गेली." मग त्यानं डाव्या हातानं तिचं डोकं जवळ ओढलं. डाव्या हातानं. "आता तू बस तिथं. रडू नोको. तिले आवडत नाही, कामावर रडलेलं."

डॉक्टरांना सगळं सांगितलं नाही. धोटा घरच्यांना न विचारता आणला होता, एवढं सांगितलं. ते रुपरावला फार बोलले आणि तो धोटा आजच्या आज परत करा म्हणाले. रुपराव जायला तयार नव्हता. म्हणून अनुसयासोबत मी खाप्याला गेलो. शुक्रवारचं थोडं तरी फेडावं म्हणून.

शेजारच्या रंभाबाई अंगणातच भेटल्या. मला म्हणाल्या, "रात्री कोन विनत होतं गा इथं? बारा वाजेपर्यंत ठोके ऐकू येत होते. मले वाटलं शालिकराम घरी आला."

कुलूप होतं तसंच होतं. अनुसयानं ते उघडलं.

मागावर साडी पुरी झाली होती. शेवटची वीत ताजी. धाग्याला अजून तेज होतं. डावी किनार लाल रेशमाची, एकसारखी, कुठं चूक नाही. डावीकडच्या जागेवर धूळ होती, आणि धुळीत रुपरावच्या बुटांचे ठसे. बाकी काही नाही.

मी म्हटलं, असेल. कोणी भाऊबंद येऊन विणून गेला असेल, दुसरा धोटा घेऊन. खिडकीतून आला असेल. अजूनही मी हेच म्हणतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि ज्यांचा आहे ते मला हसण्याच्या लायकीचे वाटतात. रुपरावनं पुढची अकरा वर्षं नोकरी केली, आणि वऱ्हांड्यात चालताना डावा खांदा भिंतीला घासत चालला. डाव्या बाजूला माणूस मावेल एवढी जागा त्यानं कधी सोडली नाही. तेही मी त्याच्या भित्रेपणावर घालतो. पेशंटला अर्धा म्हणणारा तो माणूस आयुष्यभर अर्ध्या रस्त्यावरून चालला, याचं मला वाईट वाटत नाही.

फक्त एक गोष्ट आहे.

अनुसया साडी उतरवायला वाकली आणि तिचा हात किनारीच्या टोकाशी थांबला. तिनं मला बोलावलं. लाल किनार अगदी शेवटपर्यंत आली होती, आणि शेवटची एक ओळ राहिली असताना रेशीम संपलं होतं. ती ओळ पांढऱ्या धाग्याची होती. सुती. साधा, खरबरीत.

मी खाली वाकून नाक जवळ नेलं.

आमच्या दवाखान्यातल्या टिंक्चरचा वास येत होता.